जागा रुग्ण, अरुंद वाट

कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत जाते, तेव्हा दोष बहुधा पायात नसतो. दोन मणक्यांमधल्या चकतीचे चिवट कडे फाटते, आतला मऊ गर बाहेर येतो व शेजारच्या मज्जातंतूला दाबतो. मिक्स्टर व बार यांनी हे १९३४ मध्ये दाखवून दिले. गर काढण्यासाठी पूर्वी पाठीचे स्नायू सोडवून थोडे हाडही कापावे लागे.

पार्विझ कॅम्बिन यांनी बाजूची वाट दाखवली. तेथे एक काटकोन त्रिकोण कल्पावा : बाहेर पडणारा मज्जातंतू हा कर्ण, खालच्या मणक्याची वरची कड हा पाया, खाली उतरणारा मज्जातंतू ही उंची. (फळ्यावर जरूर काढावा.) या त्रिकोणातून सुमारे ८ मिलिमीटर व्यासाची नळी, तिच्यातून दुर्बीण व चिमटा आत जातो.

पण मज्जातंतूला धक्का लागला तर? पुण्याचे डॉ. सतीशचंद्र गोरे व अमेरिकेतील डॉ. अँथनी युंग यांनी २०१४ च्या शोधनिबंधात वर्णिलेल्या पद्धतीत फक्त जागेपुरती भूल देतात. रुग्ण जागाच असतो. नळी मज्जातंतूला टेकू लागली की पायात कळ येते आणि तो तसे सांगतो. इतके बोलके उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नाही!

अर्थात, बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाच ओसरते. मात्र पाय लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.