पावसाळी दुपार आणि रांगते बाळ

आषाढ लागला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टींची चौकशी घरोघर सुरू होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले, ही पहिली. आणि दोरीवरचे कपडे वाळले का, ही दुसरी. यंदा आमच्या घरी तिसरीची भर पडली. बाळाला आता कशात रमवायचे?

नात नऊ महिन्यांची आहे. उन्हाळाभर सायंकाळी बागेची एक फेरी आणि दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्यावरची रहदारी पाहणे, एवढ्यावर तिचे समाधान होत असे. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो. आमच्या नातीचा मात्र नेमका त्याच सुमारास सुरू झाला, कारण जूनअखेर ती रांगू लागली. बाहेर संततधार, आत ओल धरलेली फरशी. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही खालच्या भांड्यांच्या दुकानात, सौ. स्वयंपाकघरात. बँकेतून निवृत्त होऊन रिकामा बसलेला मीच. तेव्हा अकरा ते एक आणि चार ते सहा हा कार्यभार रीतसर माझ्याकडे आला.

पहिले चार दिवस मी तेच केले जे हल्ली सगळे करतात. मोबाइलवर रंगीत मासे लावून तिच्यासमोर धरला. बाळ शांत झाले, मीही शांत झालो. पाचव्या दिवशी मी तिला नावाने तीनदा हाक मारली आणि तिने मान वळवली नाही. एरवी माझ्या खाकरण्यानेही ती हसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये असे म्हटले आहे, हे सूनबाईंनी मला त्याच रात्री वाचून दाखविले. त्याच सूचनेत आणखी एक वाक्य आहे, ते मला अधिक लागले. बाळाला खुर्चीत, गाडीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी तासाहून अधिक जखडून ठेवू नये. पावसाळ्यात आपण नेमके तेच करतो. गार फरशी नको म्हणून पाळण्यात, पाळणा नको म्हणून कडेवर.

मग सतरंजीची दुहेरी घडी, तिच्यावर जुनी सुती चादर, असा आखाडा हॉलमध्ये मांडला. एका आप्तांनी चाकांचा वॉकर आणून दिला होता. तो तसाच माळ्यावर गेला. कॅनडाने अशा वॉकरच्या विक्रीवर २००४ मध्ये बंदी घातली आहे. मूल त्यात बसून क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते, आणि आमचा जिना थेट दुकानात उतरतो. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात बसायचे नसते, उभे राहून तो ढकलायचा असतो. त्याला आमच्याकडे अजून अवकाश आहे.

खेळण्यांचा शोध दुकानातच संपला. सूनबाईंनी एकात एक बसणारे पाच डबे वर पाठविले. काठ वळवलेलेच घ्यावेत, कारण कोऱ्या पत्र्याचा काठ बोट कापतो, हे भांडेवाल्यांना सांगायला नको. नात एकेक डबा बाहेर काढते, आपटते, आवाज ऐकते, फेकते. परत आत घालण्याचे नाव नाही. जन्मभर खाती पाहिलेल्या माणसाला हे विचित्र वाटते, नुसते काढणेच काढणे, भरणा शून्य. पण वस्तू आत घालण्याचे कसब बाहेर काढण्याच्या नंतर येते. तोवर भरणा मी करतो.

दुसरा खेळ दुकानाच्या जुन्या गादीचा. वडिलांच्या काळी ज्या लोड-तक्क्यांना टेकून व्यवहार होत, ते माळ्यावर पडून होते. उन्हाची एक तिरीप आली तेव्हा तापवून घेतले आणि सतरंजीवर आडवे टाकले. नात एक लोड चढून पलीकडे उतरते, पुन्हा वळते, पुन्हा चढते. अर्ध्या तासात अशी दमते की दुपारची झोप आपोआप लागते. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्रीची मिळून बारा ते सोळा तास झोप लागते. पावसात अंगाची हालचाल न झाल्यास ती पुरी होत नाही आणि मग चिडचिड सुरू होते.

तिसरा खेळ बुवा-कुकचा. हा आपल्या आज्यांनी जितका खेळवला तितका कोणीच खेळवला नसेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले की साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास बाळ झाकलेली वस्तू शोधू लागते. त्याआधी नजरेआड झालेली वस्तू त्याच्या लेखी जणू संपलेलीच असते. माझ्या उपरण्याखाली मी आहेच, हे नातीला आता ठाऊक झाले आहे. ते ओढून काढताना तिला जो आनंद होतो, तो हिशेब जुळल्यावर आम्हाला होत असे, तसा.

आणि खिडकी. पावसाळ्यात बाळाला दाखवण्याजोगे सर्वांत मोठे दृश्य तेथेच असते. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर पडणारी सर आणि आमच्या कुंडीत पडणारी सर यांचे आवाज निराळे आहेत, हे मला साठी उलटल्यावर तिच्यामुळे कळले. तिचा तळहात पागोळीखाली धरायचा आणि म्हणायचे, पाणी. रिक्षा गेली की रिक्षा. भिजलेला कावळा आला की कावळा. आपल्या घरची बोली जी असेल, तीत बोलावे. मात्र बोलत राहावे. आम्हा पुरुषांना हेच जड जाते.

आता जे सांगायचे ते जरा संकोचाने सांगतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी चढू लागले होते. ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली होती. ४३ फुटांवर धोका. दुकानातला खालचा माल हलवायचा की नाही, हा प्रश्न होता. नातीसाठी मी एका डबीत चिंचोके भरून खुळखुळा केला होता. झाकण घट्ट आहे असे मी समजत होतो. मोबाइल वाजला म्हणून मी पातळी पाहायला तो उचलला. अर्धा मिनिट असेल. खुळखुळ्याचा आवाज थांबला, म्हणून वर पाहिले. तिचा चेहरा लाल झाला होता, तोंड उघडे होते आणि आवाज नव्हता.

माझ्या हाकेने सौ. धावत आली. ती पूर्वी बालवाडीत शिकवीत असे. तेथे प्रथमोपचाराचे धडे झाले होते. तिने नातीला पुढच्या हातावर पालथे घेतले, डोके छातीपेक्षा खाली ठेवले आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने थाप दिली. तिसऱ्या थापेला चिंचोका बाहेर पडला. त्यानंतर जे रडणे ऐकू आले, तितका गोड आवाज मी ऐकला नाही.

डॉक्टरांनी तपासून सर्व ठीक असल्याचे सांगितले आणि मला समोर बसवून शिकविले. बाळ जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पाठीवर पाच थापा, न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाब, पुन्हा थापा. एकाने तोवर १०८ ला फोन लावावा. घशात दिसत नसलेल्या वस्तूसाठी बोट घालू नये, ती आणखी आत जाते. पाणी पाजू नये.

खेळण्यांची सुरक्षितता पाहणारे सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देत नाहीत. चिरंजीवांनी साधारण त्या मापाचा नळीचा तुकडा कापून आणला आणि आम्ही घराची साठा-तपासणी केली. एका हॉलमधून निघाले ते असे : नाणी सात, सुपारीचे खांड, हरभरे, पेनाचे टोपण, कुड्याची फिरकी आणि सोफ्याखाली गणकयंत्रातील बटणासारखी बॅटरी. शेवटची वस्तू पाहून डॉक्टरांचे शब्द आठवले. ती गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. ज्या घरात काटा, गणकयंत्र आणि सुटे पैसे यांवाचून दिवस जात नाही, तेथे ही तपासणी दर आठवड्याला हवी. दुकानातून वर येताना खिसे खालीच रिकामे करण्याचा नियमही आम्ही केला.

चिंचोके गेले. आता त्या डबीत काही नाही. नात ती नुसतीच सतरंजीवर आपटते आणि तिला तेवढे पुरते. माझा मोबाइल कार्यभाराच्या वेळेत कपाटावर असतो. पाण्याची पातळी चिरंजीव जिन्याखालून ओरडून सांगतात. काल त्यांनी सांगितले, पाणी उतरू लागले. मी उत्तर दिले नाही. त्या वेळी मी उपरण्याखाली होतो.