म्हाताऱ्या माणसाला हलकंच द्यावं का?

पारशिवनीकडे घरातलं माणूस साठी ओलांडलं, की त्याच्या ताटातून ज्वारीची भाकर जाते, बरबटीची उसळ जाते, कच्चा कांदाही जातो. ‘पचत नाही, हलकं द्या’ म्हणत उरतो तो मऊ भात आणि पातळ वरण. घरच्यांची माया खरी, समज मात्र चुकीची.

लहान आतड्यात जे पचत नाही, त्यातलंच काही मोठ्या आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं अन्न असतं. गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी 1995 मध्ये त्याला प्रीबायोटिक हे नाव दिलं. कांदा-लसणातलं इन्युलिन आणि कडधान्यांतल्या काही शर्करा यातच येतात. जिवाणू त्या आंबवतात, तेव्हा ब्युटिरेट तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यातून ऊर्जा मिळते. पुण्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या, तेव्हा वयाप्रमाणे या जिवाणूंचं आपसातलं प्रमाण बदललेलं दिसलं. पाहणी लहानशी होती. पण म्हातारपणी या जिवाणूंकडे दुर्लक्ष करू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

‘रोज दही खातो की!’ दह्यात जिवाणू असतात, त्यांचं हे अन्न नसतं. दही खावंच, पण भाकरीच्या जागी नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो गॅसचा धाक. गॅस त्याच आंबण्यातून होतो. थोडा झाला म्हणून कडधान्य कायमचं बंद करू नये. रात्रभर भिजवून ते पाणी फेकावं, कडधान्य मऊ शिजवावं, दोन चमच्यांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवावं. दात नसतील तर भाकर वरणात चुरून द्यावी. पाणीही आठवणीने द्यावं, कारण वयानुसार तहान कमी लागते. थंड झालेल्या भातातला काही स्टार्चही जिवाणूंच्या कामी येतो. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात भात रात्रभर बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्येच ठेवावा.

मग प्रीबायोटिकची महागडी पूड? लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या 36 जुळ्या जोड्यांवर 12 आठवडे चाचणी केली. 2024 मध्ये निष्कर्ष आले: पुडीने पायांची ताकद वाढली नाही, स्मरणाच्या चाचण्यांत मात्र सुधारणा दिसली. आशा वाटावी असं आहे, पण तेवढ्यावर पेन्शनचे पैसे डब्यांत घालावेत असं मला वाटत नाही.

शौचात रक्त, विनाकारण उतरणारं वजन किंवा अचानक बदललेली शौचाची सवय दिसली, तर ‘वयच झालं’ म्हणून घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात लगेच दाखवावं.