व्यंकोजी : एका दुर्मीळ नावाचा प्रवास

पाठपरिचय

नाव हे माणसाच्या ओळखीचे पहिले साधन होय. नावामागे देवता असते, पूर्वज असतात, प्रदेश असतो आणि भाषाही असते. काही नावे घरोघरी रूढ होतात, तर काही हळूहळू वापरातून जातात. एके काळी राजघराण्यात मानाने ठेवले जाणारे आणि आज क्वचितच ऐकू येणारे 'व्यंकोजी' हे असेच एक नाव आहे. ते कसे तयार झाले, कोठे रुजले आणि मागे का पडले, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मल्लेश्वरमचे मंदिर

बंगळूर शहराच्या वायव्य भागात मल्लेश्वरम ही जुनी वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिची आखणी झाली आणि १८९८ सालच्या प्लेगनंतर तेथील वस्ती वाढली. येथील एका मुख्य रस्त्याला चाफ्यावरून 'संपिगे रस्ता' म्हणतात, तर दुसऱ्याला कडुनिंबावरून 'मार्गोसा रस्ता' म्हणतात. वसाहतीचे नाव मात्र तिच्याहून पुष्कळ जुन्या अशा एका शिवमंदिरावरून पडले आहे. ते मंदिर म्हणजे काडु मल्लेश्वर. कन्नड भाषेत 'काडु' म्हणजे अरण्य. जेथे आज गजबजलेली बाजारपेठ आहे, तेथे पूर्वी रान होते, ही आठवण देवाच्या नावात राहिली आहे. 'मल्लेश्वर' म्हणजे मल्लिकार्जुन, अर्थात शिव.

हे मंदिर उभारण्याचे श्रेय परंपरेने व्यंकोजीराजे भोसले यांना दिले जाते. १६६९ सालच्या येथील शिलालेखात मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. दान देणाऱ्याचे नाव आहे एकोजी. मराठी ग्रंथांत ज्यांना व्यंकोजी म्हटले जाते, तेच हे एकोजी. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे ध्यानात ठेवले नाही, तर वाचकाला दोन निराळे पुरुष असल्याचा भास होईल.

व्यंकोजी हे शहाजीराजे व तुकाबाई यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू होत. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर जिंकले. पुढे तो प्रदेश शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. १६६४ साली कर्नाटकातील होदिगेरे येथे शहाजीराजांचे निधन झाले आणि बंगळूरचा कारभार व्यंकोजींकडे आला. १६७५च्या सुमारास त्यांनी तंजावर हस्तगत केले व तेथे मराठी राज्याची स्थापना केली. ते राज्य १८५५ सालापर्यंत टिकले. बंगळूर मात्र १६८७ साली भोसल्यांच्या हातून गेले. ते आधी मोगलांनी घेतले आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याकडे आले.

नावाची घडण

'व्यंकोजी' या नावाचे तीन भाग पडतात : 'व्यंक', 'ओ' आणि 'जी'.

पहिला भाग 'वेंकट' या शब्दावरून आला आहे. तिरुपतीजवळच्या ज्या डोंगरावर बालाजीचे मंदिर आहे, त्या डोंगराचे नाव वेंकटाद्री. प्राचीन तमिळ साहित्यात वेंकटम् हा डोंगर तमिळ प्रदेशाची उत्तर सीमा म्हणून सांगितला आहे. या डोंगराचा स्वामी तो वेंकटेश. म्हणजे मुळात हे नाव एका स्थळाचे आहे; स्थळावरून ते देवाला मिळाले आणि देवावरून माणसाला. मराठी माणसाच्या तोंडी 'वेंकटेश'चे 'व्यंकटेश' झाले. जुन्या मोडी कागदपत्रांत 'एक' हा शब्द अनेकदा 'येक' असा लिहिलेला आढळतो. 'ए' या स्वरापूर्वी 'य'चा स्पर्श देण्याची ही सवय 'वें'चे 'व्यं' होण्यातही दिसते. 'व्यंकोजी' हे नाव भराभर उच्चारले, की आरंभीचा 'व' पुसट होतो आणि कानाला 'येंकोजी' ऐकू येते. तेथून 'एकोजी' फार दूर नाही.

दुसरा भाग 'ओ' या स्वराचा. मराठीत देवाच्या वा माणसाच्या नावाला आदराचा प्रत्यय जोडताना मधे बहुधा हा स्वर येतो. विठ्ठलाचा विठू होतो आणि विठूचा विठोबा. त्याच रीतीने खंडोबा हा शब्द बनतो. 'बा'ऐवजी 'जी' जोडले, की विठोजी, खंडोजी, तुकोजी, राणोजी, परसोजी अशी माणसांची नावे तयार होतात. व्यंकोबा आणि व्यंकोजी ही जोडी याच साच्यातली आहे.

तिसरा भाग 'जी' हा आदरार्थी आहे. हिंदीत तो नावापुढे वेगळा बोलला जातो आणि गाळताही येतो. मराठीतील या जुन्या नावांत मात्र तो नावाचा अविभाज्य घटक झाला आहे. 'शिवाजी', 'तानाजी', 'व्यंकोजी' ही नावे 'जी'सह पूर्ण होतात. म्हणूनच त्यांच्यापुढे 'राजे', 'राव' असा आणखी एक आदरार्थी शब्द लावावा लागतो.

घराण्यातील नावांची परंपरा

भोसले घराण्यातील नावे एकत्र पाहिली, की नाव ठेवण्यामागची दृष्टी स्पष्ट होते. मालोजीराजांना दोन पुत्र झाले. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केल्यावर हे पुत्र झाले, म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. फारसी-अरबी शब्दांना मराठी 'जी' जोडून ही नावे घडली. शरीफजी हेच नाव पुढे तंजावरच्या घराण्यात 'सरफोजी' या रूपाने आढळते.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. ती तंजावरच्या वंशावळीतही दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी. त्यांचे थोरले पुत्र पुन्हा शहाजी. हे दुसरे शहाजी १६८४ साली गादीवर आले. ते स्वतः नाटककार होते व त्यांच्या काळात तंजावरला मराठी नाटके लिहिली गेली. त्यांच्यानंतर त्यांचे बंधू सरफोजी व तुकोजी यांनी राज्य केले. तुकोजींच्या पुत्राचे नाव आजोबांवरून एकोजी ठेवले गेले. हे दुसरे एकोजी १७३६ साली राजे झाले, पण जेमतेम वर्षभरच राज्य करू शकले. त्यानंतर तंजावरच्या गादीवर या नावाचा राजा झाला नाही. एकोणिसाव्या शतकारंभी दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा मराठी इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला. तमिळ भूमीतील त्या दगडांवर ही सारी मराठी नावे आजही वाचता येतात.

हे नाव तंजावरपुरतेच राहिले नाही. नागपूरच्या भोसले घराण्यातही, दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू होऊन गेले. छत्तीसगडचा प्रदेश त्यांच्या अखत्यारीत होता. दक्षिणेकडील देवाच्या नावावरून घडलेले हे मराठी नाव अशा रीतीने मध्य भारतापर्यंत पोहोचले.

नाव मागे का पडले?

शिवाजी, संभाजी, शहाजी, तानाजी ही नावे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही आढळतात. मग त्याच साच्यातले, त्याच घराण्यातले व्यंकोजी हे नाव दुर्मीळ का झाले? याची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण इतिहासाच्या कथनात आहे. नाव लोकप्रिय होते ते त्याच्याशी जोडलेल्या कथेमुळे. १८६९ साली महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध केला. १८९५ नंतर लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने शिवजयंतीचा उत्सव सार्वजनिक झाला. शाहिरांनी, शाळांनी आणि पुढे चित्रपटांनी स्वराज्यातील वीरांची नावे घराघरांत नेली. या कथेत व्यंकोजींच्या वाट्याला आलेली भूमिका मात्र दुराव्याची होती. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतील वाटणीचा प्रश्न तेथे सुटला नाही आणि व्यंकोजी रातोरात तंजावरला परतले. पुढे लढाईही झाली. कालांतराने समेट झाला आणि शिवाजी महाराजांनी बंगळूर व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले. भावाने निराश न होता उद्योग करावा, असा उपदेश करणारे महाराजांचे पत्रही प्रसिद्ध आहे. तथापि लोकांच्या स्मरणात समेटापेक्षा भांडण अधिक राहिले. आईवडील मुलाचे नाव ठेवताना पराक्रमाची आठवण शोधतात, दुराव्याची नव्हे.

दुसरे कारण नावांच्या बदलत्या रुचीत आहे. इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांच्या नोंदवह्यांत नावे लिहिली जाऊ लागली. सुशिक्षित वर्गात बोलीतील रूपांपेक्षा संस्कृत वळणाची पूर्ण रूपे प्रतिष्ठित ठरली. विठोजीचा विठ्ठलराव आणि व्यंकोजीचा व्यंकटेश वा व्यंकटराव झाला. पुढे दोन-तीन अक्षरी सुटसुटीत नावांची आवड वाढली आणि 'जी'ने संपणारी बहुतेक नावे इतिहासातली वाटू लागली.

तरीही हे नाव पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. त्याचेच जुळे रूप असलेले 'वेंकोबराव' हे नाव कर्नाटकात व तमिळनाडूत स्थायिक झालेल्या मराठी कुळांत आढळते. त्यातला 'वेंक' तिरुपतीच्या डोंगराचा आहे, 'ओबा' विठोबा-खंडोबाच्या मराठी साच्याचा आहे आणि 'राव' दक्षिणेत व महाराष्ट्रात सारखाच मानाचा आहे. दोन भाषांचे लोक शेजारी नांदले, म्हणजे नावांतही कसे मिसळून जातात, याचे हे बोलके उदाहरण होय.

समारोप

व्यंकोजी या नावाने भाषेचा इतिहास सांगितला आणि समाजाचाही. एका व्यक्तीचे नाव दोन रूपांत लिहिले गेल्यामुळे अभ्यासकांना आज दोन्ही रूपांची जुळणी करून पाहावी लागते. सामान्य माणसाच्या बाबतीतही, शाळेच्या दाखल्यावर एक रूप व शिधापत्रिकेवर दुसरे, असे झाले की अडचण येते. म्हणून आपले नाव शुद्ध व सर्वत्र सारखे लिहिले जाईल, याची प्रत्येकाने काळजी घ्यावी. नाव दुर्मीळ असो वा सर्वपरिचित, त्यामागे आपल्या आधीच्या माणसांचे श्रम, श्रद्धा व नाती उभी असतात. महाराष्ट्रात विसरत चाललेले व्यंकोजी हे नाव मल्लेश्वरमच्या मंदिराने मात्र साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जपून ठेवले आहे.

शब्दार्थ

जहागीर – चाकरीबद्दल दिलेला प्रदेश व त्याचे उत्पन्न
अविभाज्य – वेगळा करता न येणारा
वंशावळ – घराण्यातील पिढ्यांची क्रमवार यादी
अखत्यारीत – अधिकारात
अमदानी – राजवट, कारकीर्द
चोळीबांगडी – स्त्रीच्या खाजगी खर्चासाठी दिलेली नेमणूक

स्वाध्याय

१. 'व्यंकोजी' या नावाचे तीन भाग कोणते? प्रत्येकाचे मूळ थोडक्यात लिहा.
२. काडु मल्लेश्वर मंदिरातील शिलालेख मराठी वाचकाला का महत्त्वाचा वाटतो?
३. व्यंकोजी हे नाव मागे पडण्याची दोन कारणे आपल्या शब्दांत सांगा.
४. 'बा' व 'जी' हे प्रत्यय लागून तयार झालेली प्रत्येकी चार नावे लिहा.
५. आपल्या कुटुंबातील एखादे जुने नाव निवडा. ते कोणाचे होते व का ठेवले गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.