शिरस्त्राण : खेळाडूचे कवच
वडगाव परिसरात बेसबॉल नवखा असला, तरी क्रिकेटचा सीझन चेंडू सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन्ही चेंडू टणक व सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे असतात. १९२० साली अमेरिकेत रे चॅपमन हा बेसबॉलपटू फलंदाजी करताना डोक्यास चेंडू लागून मरण पावला. १९९८ साली ढाका येथे भारताचे रमण लांबा शिरस्त्राणाविना फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करीत असता प्राणास मुकले. धोका केवळ फलंदाजासच असतो असे नाही. म्हणून शाळांनी जवळच्या क्षेत्ररक्षकांसही शिरस्त्राण द्यावे. ते मापाचे असावे व हनुवटीखाली पट्टा बांधलेला असावा. जोराच्या आघाताने आतील अस्तर दबते. असे शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.