बरोबर केलं की इशारा, चुकलं की शांतता
१ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स ४४७, एअरबस ए३३०. अटलांटिकवरच्या वादळी ढगांत वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ अडकला, वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. खरं तर फारसं काही करायचंच नव्हतं. नाक आणि इंजिनाची ताकद आहे तशी ठेवून थोडं थांबायचं. नळ्या मिनिटभरात मोकळ्या झाल्याही! पण विमान चालवणाऱ्या दोघा सहवैमानिकांपैकी एकाने स्टिक मागे ओढली. विमान वर चढलं, वेग गेला, स्टॉल झाला, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेना.

आता हे बघा: वेग फारच घसरला की स्टॉलचा इशारा बंद पडायचा आणि स्टॉलमधून सुटण्यासाठी नाक खाली केलं की पुन्हा वाजायचा. बिचाऱ्यांनी समजायचं तरी काय? विश्रांतीला गेलेले कॅप्टन परत आले, तोवर विमान स्टॉलमध्ये गेलं होतं. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत २२८ जण समुद्रात.

'पायलटची चूक' म्हणून फाईल बंद करणं मला पटत नाही. खूप उंचीवर हाताने विमान सांभाळायचं प्रशिक्षणच त्या दोघा सहवैमानिकांना मिळालं नव्हतं, हे फ्रेंच चौकशी अहवालातच आहे. आज अमेरिकेत आणि युरोपात स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सिम्युलेटरवरचा सराव एअरलाइनच्या वैमानिकांना सक्तीचा आहे.