चार्ली वॉट्सचा डावा हात

रोलिंग स्टोन्स ऐकणारी माझ्या पिढीतली बहुतेक मंडळी मिक जॅगर नाहीतर कीथ रिचर्ड्सच्या नादी लागली. मी अडकलो तो ड्रमवाल्या चार्ली वॉट्सच्या डाव्या हातात. 7 एप्रिल 2003 रोजी स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तोवर चार्लीला त्यांच्यात येऊन चाळीस वर्षं झाली होती. पण त्याची स्टिक धरायची ढब रॉकवाल्याची झाली नव्हती.

उजवा पंजा पालथा, चारचौघांसारखा. डावा मात्र उताणा. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रुतलेली, पुढे मधल्या बोटाखालून, अनामिकेवरून बाहेर आलेली. घाव घालायचा तो मनगट फिरवून, कुलपात किल्ली फिरवावी तसा. ही पकड पलटणीतून आली. पट्ट्यानं अडकवलेला साइड ड्रम डाव्या मांडीवर तिरका लोंबतो. पालथा हात त्याच्या उंच कडेशी अडखळतो, उताणा सहज पोचतो. पुढे ड्रम स्टँडवर चढला, कारण संपलं, तरी जॅझवाल्यांनी पकड सोडली नाही.

मग 9 फेब्रुवारी 1964 उजाडला. एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्सचा ड्रमवाला रिंगो स्टार दोन्ही पंजे पालथे ठेवून वाजवताना सुमारे 7 कोटी 30 लाख अमेरिकनांनी पाहिला, आणि होतकरू पोरांनी तीच पकड उचलली. कोणती पकड सरस, हा तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही. ताकदीच्या मुद्द्यावर रिंगोच्या बाजूचे बरोबर आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण चार्लीचं वाजवणं ताकदीवर उभं नव्हतंच. डावा हात स्नेअर ड्रमवर पडायच्या क्षणी त्याचा उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचलला जायचा. त्या ठोक्याला स्नेअर एकटी ऐकू यायची, भोवती मोकळी जागा ठेवून. स्टोन्सच्या गाण्यांना जो झोल आहे, त्यात या रिकाम्या जागेचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं सुरू झालं एका बँजोपासून. चार्लीचे वडील रेल्वे कंपनीच्या मालमोटारीवर चालक. युद्धानंतर वेम्बलीत उभारलेल्या तयार घरांपैकी एकात हे कुटुंब राहायचं. पोरानं बँजो मिळवला, पण तारांवर बोटं बसेनात. दरम्यान त्यानं जेरी मलिगनच्या तबकडीवर ड्रमवाल्या चिको हॅमिल्टनचे ब्रश ऐकले होते. त्यानं बँजोची मान काढून टाकली, कातड्याचा गोल तेवढा ठेवला, तो स्टँडवर बसवला आणि ब्रशनं वाजवायला लागला. 1955 मध्ये आईवडिलांनी खरा ड्रमसंच आणून दिला. शेजारच्या घरातला डेव्ह ग्रीन हा दोस्त. दोघं मिळून जेली रोल मॉर्टन आणि चार्ली पार्करच्या तबकड्या झिजवायचे.

जानेवारी 1963 मध्ये स्टोन्स, मग कीर्ती, पैसा. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्या पैशाचं त्यानं काय केलं. इतर लोक घराण्याच्या चीजवस्तू जपतात. चार्लीनं आपलं घराणं स्वतः निवडलं आणि त्याच्या चीजवस्तू विकत घेतल्या. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात 1951 पर्यंत वाजवणारा सनी ग्रीअर आज किती जणांच्या स्मरणात आहे? घंटा, गाँग, टिंपनी असा दरबारी थाट मांडून तो मध्यभागी बसायचा. त्याचा ड्रमसंच चार्लीनं मिळवून जपला. हा संग्रह आणि ती उताणी पकड मला वेगळी काढता येत नाहीत. हात त्याच वडीलधाऱ्यांकडून आला होता.

24 ऑगस्ट 2021 रोजी चार्ली गेला. सप्टेंबर 2023 मध्ये लंडनला क्रिस्टीजनं त्याच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव केला. फिट्झजेराल्डनं स्वहस्ते लिहून भेट दिलेली 'द ग्रेट गॅट्सबी'ची प्रत 2,26,800 पौंडांना गेली. वर्तमानपत्रांनी त्या आकड्याचंच कौतुक केलं.

साठी उलटल्यावर चार्लीनं दोन पियानोवादकांसह एक छोटा बूगी-वूगी संच जमवला होता, त्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. अ‍ॅक्सल, बेन, चार्ली आणि डेव्ह, म्हणून नाव 'द एबीसी अँड डी ऑफ बूगी वूगी'. त्यातला बासवाला डेव्ह म्हणजे वेम्बलीच्या शेजारच्या घरातला डेव्ह ग्रीन.