पाकिटावरचं इंग्रजी

‘जालना सोने का पालना’ या जुन्या म्हणीत ना सोनं खरं, ना पाळणा. खरी ती पेठेची भरभराट. रूपक आणि यमक, दोन्ही एका दमात.

1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. आता बियाण्यांच्या जाहिराती इंग्रजी मिरवतात. ‘नंबर वन’? कोणाच्या मोजणीत? ‘ट्रस्टेड’ म्हणताना शेजाऱ्याचा हवाला दिल्यासारखं वाटतं. सर्वांत लबाड ‘अप टू’: ‘अप टू 20 क्विंटल’मध्ये 5 क्विंटलही बसतात!

लेबलवर मात्र अलंकार चालत नाहीत. बियाणे कायदा 1966 चा. उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख छापावीच लागते. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ती घरीही तपासता येते.